दोन थंड्यांसाठी एक सोनेरी: एका केसरंगाचं प्रकरण

प्रकरण असं आहे. ३१ वर्षांची मुलगी, घर रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावात, नोकरी जर्मनीत हॅम्बुर्गला. तिकडे जाऊन दीड वर्ष झालेलं. डिसेंबरच्या मध्याला ती सुट्टीवर आली, कारण संक्रांत झाली की धाकट्या भावाचं लग्न होतं आणि ही करवली. आईला बरोबर घेऊन ती माझ्या पार्लरमध्ये आली. मागणी एकच: केस सोनेरी करायचे, पण थंडीत शोभेल असा उबदार सोनेरी. मोबाइलमध्ये तिने तिकडच्या सलूनचे थंडीचे रंगतक्ते साठवून ठेवले होते. मध, बटरस्कॉच, कॅरॅमल, तांबूस स्ट्रॉबेरी अशी नावं आणि प्रत्येकाखाली एका गोऱ्या मुलीचा फोटो. तिचं बोट मधावर होतं.

असे फोटो घेऊन येणाऱ्या मुली हल्ली आपल्याकडेही दिसतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. या केसांत तीन अडचणी एकत्र आल्या होत्या. वर्षानुवर्षांची मेहंदी, घरच्या बोअरचं पाणी, आणि एकच रंग दोन अगदी निराळ्या उजेडांत चांगला दिसायला हवा ही अट. माझं मत आधीच सांगून टाकते. काळ्या केसांना थंडीचा सोनेरी निवडताना रंगतक्ता सगळ्यात शेवटी उघडावा. आधी केस कुठपर्यंत सुखाने उजळतात ते बघावं आणि तिथेच थांबावं, कारण काळा केस उजळताना वाटेत जे तांबडे, केशरी, सोनेरी टप्पे लागतात तेच मुळी उबदार रंग आहेत. त्यांच्या पुढे रेटत नेलं, तर केस जातो आणि ऊबही जाते.

थंडीचे रंग कुठल्या थंडीचे?

हे तक्ते तयार होतात ते उत्तरेकडच्या देशांत, आणि तिथे त्यांना चांगला आधार आहे. उन्हाळ्यात तिथल्या बायकांचे केस उन्हाने फिकटतात, त्वचेवर थोडा रापलेपणा येतो. हिवाळ्यात रापलेपणा उतरतो, चेहरा पांढुरका दिसतो, अंगावर काळे-करडे लोकरी कपडे येतात. अशा वेळी राखाडी झाक असलेला किंवा अगदी पांढुरका सोनेरी चेहऱ्याचा उरलासुरला रंगही ओढून घेतो. म्हणून तिथले कारागीर रंग एखाद पातळी गडद करतात आणि त्यात सोनेरी किंवा तांबूस झाक घालतात. २१ डिसेंबरच्या सुमारास हॅम्बुर्गला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १३ अंश वर येतो आणि दिवस साडेसात तासांचा असतो. त्या उजेडात केसांतच थोडं ऊन असावंसं वाटलं तर नवल नाही.

त्याच दिवशी रत्नागिरीत दुपारचा सूर्य ५० अंशांच्या आसपास असतो आणि दिवस अकरा तासांचा. आपली थंडी म्हणजे पहाटेचा मतलई वारा, आंब्याला मोहोर कसा येतोय याची सगळ्या तालुक्याला लागलेली काळजी, आणि दुपारी पुन्हा तिशीच्या वर गेलेला पारा. पावसाळ्यातलं मळभ नसतं, आकाश निरभ्र असतं. त्यामुळे ऊन थेट केसांवर पडतं आणि जो सोनेरी हॅम्बुर्गमध्ये मधासारखा मऊ दिसेल तोच इथे अंगणात उभं राहिल्यावर भडक पिवळा दिसू शकतो.

या मुलीला दोन्हीकडे वावरायचं होतं. लग्नात इथल्या उन्हात आणि मांडवातल्या पिवळ्या दिव्यांत, आणि फेब्रुवारीत परत तिकडच्या करड्या उजेडात.

केसांचा इतिहास

कुठल्याही रंगाच्या आधी मी केसांची विचारपूस करते, आणि इथे खरी माहिती मुलीकडून मिळाली नाही, आईकडून मिळाली. मुलगी म्हणाली, "ताई, मी कधीच कलर केलेला नाही." आई लगेच म्हणाल्या, "अगो, मेहंदी नाही का लावायचे मी तुला दर महिन्याला?"

मेहंदी म्हणजे नेमकी काय, हे काकूंना खोदून खोदून विचारलं. काळी मेहंदी होती का? नाही, ती त्यांच्या घरात कधी आलीच नाही. हे कळणं महत्त्वाचं होतं, कारण काळ्या मेहंदीच्या नावाखाली मिळणाऱ्या पाकिटांत बहुतेक वेळा पीपीडी हे रसायन असतं आणि एकदा त्याची ॲलर्जी बसली की नंतर पीपीडी किंवा त्याच्या जातीचं रसायन असलेल्या केसरंगानेही तोंड सुजू शकतं. काकूंची मेहंदी साधी पाल्याची पूड. पण ती भिजवायची कृती ऐकून मी वहीत अधोरेखित करून ठेवली: आदल्या रात्री लोखंडी कढई, त्यात मेहंदी, आवळ्याची पूड, चहाचं उकळलेलं पाणी. सकाळपर्यंत कढईच्या कडेने काळं वर्तुळ धरायचं आणि मग ती केसांना.

आपल्याकडे घरोघरी हीच रीत आहे आणि काळपट रंगासाठी ती चांगलीच लागू पडते. आवळ्यात आणि चहात टॅनिन असतं, ते कढईतल्या लोहाशी मिळून काळं संयुग होतं. मेहंदीचा स्वतःचा लॉसोन हा केशरी रंग केसाच्या केराटिनला घट्ट चिकटतो. म्हणजे केसावर दोन थर बसले: एक केशरी, जो ब्लीचने सहजासहजी निघत नाही, आणि एक लोहाचा. लोह आणि तांबं हे ब्लीचमध्ये मिसळलेल्या हायड्रोजन पेरॉक्साईडचं विघटन एकदम वेगाने करतात. फॉइलमध्ये गुंडाळलेल्या बटेत हे झालं तर बट तापते, आणि जास्त तापली तर तुटून हातात येते.

त्यात पाण्याची भर. जांभा दगड मुळात लोहाने भरलेला, त्यामुळे आपल्या बऱ्याच बोअरच्या पाण्यात विरघळलेलं लोह असतं. नळातून येताना पाणी स्वच्छ दिसतं आणि हवा लागली की तांबूस होतं. मी काकूंना न्हाणीतल्या बादलीचा फोटो पाठवायला सांगितला. बादलीच्या आत पाण्याच्या रेषेवर नारिंगी कडं होतं आणि नळाखालच्या फरशीवर गंजाचा लांब ओघळ. पाणी तपासायला न देताही एवढं पुरेसं होतं.

आता डोळ्यांनी काय दिसत होतं ते. केस पाठीच्या मध्यापर्यंत, साधारण ५५ सेंटिमीटर. दाराशी उजेडात एक बट धरली, तर मुळापासून वीतभर केस निव्वळ काळा, दुसऱ्या-तिसऱ्या पातळीचा, बोटांना मऊ. तिथून खाली त्यात विटकरी चमक आणि केस जाडसर, ताठ. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. ती हॅम्बुर्गला गेली आणि मेहंदी थांबली, त्याला दीड वर्ष. हिशोब बरोबर जुळत होता: वरचे वीसेक सेंटिमीटर स्वतःचे, खालचे सगळे आईच्या कढईचे.

इथे पातळ्यांचं थोडं सांगायला हवं. केसांचा गडदपणा १ ते १० असा मोजतात, १ म्हणजे कुळकुळीत काळा आणि १० म्हणजे सगळ्यात फिकट सोनेरी. आपले केस बहुतेक १ ते ३ मध्ये. फोटोतली मुलगी जन्मतःच सहा-सात पातळीची असणार, तिला नऊवर जायला दोन-तीन पायऱ्या. आपल्याला त्याच जागी सहा-सात पायऱ्या चढायच्या. वाटेत चौथ्या-पाचव्या पातळीला तांबडा, सहाव्याला केशरी, सातव्याला केशरी-सोनेरी, आठव्याला पिवळा-सोनेरी आणि पुढे फिकट पिवळा उघडा पडतो. मध किंवा कॅरॅमल म्हणतात ते सातव्या-आठव्या पातळीवर छान मिळतात. नवव्याच्या मागे धावायची गरजच नाही.

चाचण्या

पॅच टेस्ट कानामागे लावून ४८ तास थांबले. त्याबद्दल घासाघीस नाही, कितीही घाई असो. त्वचा शांत राहिली.

मग लोहाची चाचणी. काचेच्या वाटीत ३० मिलिलिटर ६ टक्क्यांचं पेरॉक्साईड, त्यात अमोनियाचे २० थेंब, आणि मेहंदीच्या भागातली, मागच्या बाजूने न दिसेल अशी कापलेली छोटी बट अर्धा तास बुडवून. हातमोजे घालून आणि खिडकी उघडी ठेवून. केसांत धातूचे क्षार असतील तर द्रव तापतो, उकळल्यासारखा फसफसतो किंवा केसाचा रंग भलताच पालटतो. इथे बारीक बुडबुडे सुटले आणि वाटीचा तळ हाताला कोमट लागला. उकळी नव्हती, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नव्हतं. म्हणून केस आधी धातू ओढून घेणाऱ्या, ईडीटीए असलेल्या शाम्पूने धुतले, तेही पार्लरमधल्या नगर परिषदेच्या पाण्याने. मुलीला सांगितलं की रंगापर्यंत घरच्या बोअरचं पाणी केसांना लावू नकोस, पावसाचं साठवलेलं किंवा विहिरीचं वापर. शेजारच्यांच्या विहिरीचं गोडं पाणी मिळालं. डिसेंबरात आपल्या बहुतेक विहिरी भरलेल्या आणि गोड्या असतात, खाडीकाठच्या विहिरींत खारटपणा चढतो तो मार्चनंतर. दुसऱ्या खेपेला वाटीतली बट शांत राहिली.

शेवटी ब्लीचची चाचणी, एकाच लांब बटेवर. ६ टक्के डेव्हलपर (ब्लीचच्या पुडीत मिसळायचं पेरॉक्साईड), फॉइल, ३५ मिनिटं. वरचा स्वतःचा केस सोनकेळ्याच्या सालीइतका पिवळा झाला, म्हणजे आठवी पातळी. मेहंदीचा भाग भडक केशरी झाला आणि थांबला. तिथे आणखी १५ मिनिटं ठेवलं तरी रंग जागचा हलला नाही. हलली ती केसाची ताकद. निरोगी ओला केस ओढला की ताणतो आणि सोडला की मागे येतो. हा ताणला आणि तसाच लोंबत राहिला. एवढ्या एका बटेने प्रकरणाचा निकाल लावला.

पर्याय आणि निर्णय

सगळे केस नऊवर नेऊन फोटोतला मध देणं बाद झालं. ते करून देणारे मिळतील, पण लग्नाच्या दिवशी करवलीच्या खांद्यावर तुटलेल्या केसांचे तुकडे पडलेले मला चालणार नव्हते.

दुसरा पर्याय होता मेहंदीचा भाग कापून टाकण्याचा. वीतभर केस राहिले असते, संपूर्ण स्वच्छ, हवे तसे रंगवता येण्यासारखे. हॅम्बुर्गमध्ये तिने कदाचित हे केलंही असतं. पण लग्नात अंबाडा घालायचा होता, त्यावर अबोलीचा वळेसर, आणि काकूंनी फक्त एवढंच म्हटलं, "कापायचे असतील तर लग्न होऊ दे." याच्यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

तिसरा पर्याय ब्लीचशिवाय, थेट रंगाने सोनेरी-तपकिरी झाक देण्याचा. सुरक्षित, पण दुसऱ्या-तिसऱ्या पातळीच्या काळ्यावर तो उन्हातच तेवढा जाणवतो. हॅम्बुर्गच्या डिसेंबरात तो कुणालाच दिसला नसता, तिला स्वतःलाही नाही.

मी सुचवलेला मार्ग असा. समोरच्या केसांना हनुवटीच्या जरा खालपर्यंत लेयर कापायचे. एवढ्या लांबीचा समोरचा केस जवळजवळ सगळा तिचा स्वतःचा, मेहंदीविना. तो आठव्या पातळीपर्यंत नेऊन खरा मध तिथे, चेहऱ्याभोवती. खालच्या लांब केसांत मोजक्या रुंद बटा घ्यायच्या, त्यांना केशरीवर आपणहून थांबू द्यायचं आणि तो केशरी टोनरने, म्हणजे ब्लीचनंतर झाक बदलणाऱ्या सौम्य रंगाने, शांत करून कॅरॅमल करायचा. काळा आणि मध यांच्या मध्ये पाचव्या-सहाव्या पातळीच्या बारीक तपकिरी बटा, नाहीतर काळ्यावर पिवळे पट्टे ओढल्यासारखे दिसतात. मुळाशी बोटभर काळा तसाच राहील, म्हणजे वाढ झाली तरी रेघ दिसणार नाही.

या मांडणीने उजेडाचा प्रश्नही सुटत होता. मंद उजेडात डोळा सगळ्यात फिकट बटा आधी टिपतो, त्यामुळे हॅम्बुर्गमध्ये चेहऱ्याजवळचा मध दिसत राहील. कडक उन्हात मोठा भाग कॅरॅमलचा असल्याने रत्नागिरीत केस अंगावर येणार नाहीत.

मुलगी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मध फक्त पुढे?" मी म्हटलं, "हो, जिथे लोक तुझ्याकडे बघतात तिथे." ती तयार झाली.

झाक कुठली, हे आम्ही दारात उभं राहून ठरवलं. मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या यावरून त्वचेचा कल ठरवण्याची पद्धत गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर मला भरवशाची वाटत नाही. नमुन्याच्या बटा हनुवटीखाली धरून दिवसाउजेडी बघितलं की माणसाला स्वतःलाच कळतं. तिची त्वचा गव्हाळ, आत पिवळसर कल. ८.१ म्हणजे राखाडी झाक धरली तर डोळ्यांखालचा काळेपणा पुढे आला. ८.३४ म्हणजे सोनेरी-तांबूस धरली तर गालावरचा लालसरपणा वाढला. ८.३, साधी सोनेरी, धरल्यावर काकू पहिल्यांदाच खुर्चीवरून उठून जवळ आल्या. आकड्यात टिंबाआधी पातळी आणि टिंबानंतर झाक असते. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, पण ३ म्हणजे सोनेरी आणि ४ म्हणजे तांबूस हे बहुतेक ठिकाणी सारखं.

दिव्याच्या उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका उजेड पिवळा. पार्लरमधली पांढरी ट्यूबलाइट ६५०० केल्विनच्या आसपासची असते, तिच्यात सोनेरी झाक मार खाते. मांडवातले पिवळे दिवे २७०० केल्विनच्या जवळपासचे, त्यांत तीच झाक दुप्पट केशरी दिसते. ट्यूबलाइटखाली ठरवलेला उबदार रंग लग्नाच्या फोटोत नारिंगी येतो तो यामुळे. दारापर्यंत चार पावलं चालायचा आळस करू नये.

रंगाचा दिवस

इथे फार वेगळं काही केलं नाही. ब्लीचच्या पुडीतले परसल्फेट हवेत उडतात आणि दमा असणाऱ्याला त्रास देतात, म्हणून खिडक्या उघड्या. ६ टक्क्यांच्या वर डेव्हलपर नाही. ४०चं व्हॉल्यूम, म्हणजे १२ टक्के, वेळ वाचवतं आणि केस खर्ची घालतं. मागचे कॅरॅमलचे फॉइल आधी, पुढचे मधाचे नंतर, कारण कपाळाजवळचा केस बारीक असतो आणि लवकर उघडतो. टाळूच्या उबेने मुळाकडचा भाग पुढे पळतो, म्हणून ब्लीच मुळापासून बोटभर दूरच सुरू केलं. दर थोड्या वेळाने फॉइल उघडून बट पुसून पाहायची. मेहंदीच्या बटा केशरी झाल्या की लगेच धुवायच्या, तिथे आशेने थांबायचं नाही.

टोनरमध्ये मात्र मन लावावं लागतं. पुढच्या बटांना ८.३ मध्ये थोडा ८.३१, म्हणजे सोनेरीत किंचित राखाडी मिसळलेला. नुसता ८.३ तिच्या त्वचेला शोभत होता, पण आठव्या पातळीवर उघडा पडलेला पिवळा त्याला आणखी पिवळा करतो, त्याला एवढाच लगाम. मागच्या केशरी बटांना ६.३ आणि ६.० समप्रमाणात. साधा ६.० केशरीची धार बोथट करतो, ६.३ त्यात सोनं ठेवतो, आणि दोन्ही मिळून कॅरॅमल होतो. निळ्या-राखाडी टोनरने केशरी पूर्ण मारायचा मोह अनेकांना होतो. तो महिनाभरात धुऊन जातो आणि खालचा केशरी अधिकच उघडा पडतो. उबदार टोनर उतरला तरी खालचा रंग त्याच्याच जातीचा असतो, त्यामुळे उतरण लक्षात येत नाही. काळ्या केसांवर उबदार सोनेरी घ्यावा असं मी म्हणते त्यामागचं सगळ्यात व्यवहारी कारण हे आहे.

केस वाळवून दारात आणले. दुपारचं ऊन होतं. चेहऱ्याभोवतीच्या बटा मधाच्या, त्यांच्या मागे तपकिरी, खाली कॅरॅमल, आणि वर तिचा स्वतःचा काळा. काकूंनी कॅरॅमलची एक बट बोटांत धरून विचारलं, "ही माझी मेहंदी ना?" हो म्हटलं. खरंच, तो तांबूस कस त्यांच्या कढईचा होता, मी फक्त त्याला उजेडात आणला.

लग्नापर्यंत

ब्लीच केलेला केस सच्छिद्र होतो आणि आपल्या थंडीतला सकाळचा कोरडा वारा त्यातला ओलावा चटकन ओढतो. तेलाबद्दल मुलीला शंका होती, रंग जाईल म्हणून. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारं प्रथिनांचं नुकसान कमी करतं, हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं गेलं आहे. खनिज तेल आणि सूर्यफुलाचं तेल यांना तो गुण नाही. घाण्याचं तेल घरात होतंच. न्हाण्याच्या आदल्या रात्री लांबीला थोडं, टाळूवर थापून नाही, आणि सकाळी सौम्य शाम्पू. पाणी विहिरीचंच.

एक गोष्ट मी तिला दोनदा बजावली होती: हळद. हळदीतलं कर्क्युमिन सच्छिद्र सोनेरी केसाला सहज धरतं. नवरदेवाची बहीण हळदीच्या दिवशी हळदीपासून लांब राहील हे शक्यच नाही, म्हणून पुढच्या बटांना कंडिशनर चोपडून, वेणीत गुंतवून वर ओढणी बांधायला सांगितलं. ओढणी बांधली होती. तरीही कुणा मावशीने मायेने गालावरून हात फिरवला आणि कानाजवळची एक बट पिवळीधमक झाली. संध्याकाळी फोन आला, मुलगी रडवेली. अशा वेळी ब्लीच किंवा जोरदार शाम्पूचा मारा करू नये. कर्क्युमिन तेलात विरघळतं आणि उजेडाने मोडतं. बटेला कोमट खोबरेल तेल लावून अर्धा तास ठेवायचं, टिपकागदाने पुसायचं, पुन्हा तेल, मग शाम्पू, आणि सकाळी तेवढी बट उन्हात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पिवळा उतरला, मागे किंचित सोनेरीपणा राहिला तो त्या रंगात खपून गेला. राखाडी सोनेरी असता तर तिथे हिरवट डाग दिसला असता.

लग्नात अंबाडा. केस मागे ओढल्यावर कपाळापासून निघालेल्या मधाच्या बटा बारीक रेघांसारख्या काळ्यातून जात होत्या आणि अंबाड्याच्या वळणांत कॅरॅमल गुंडाळलेला. अबोलीच्या केशरीशी तो कॅरॅमल असा जुळला की बायका फुलांचं की केसांचं कौतुक करताहेत ते कळत नव्हतं.

हॅम्बुर्गला गेल्यावर

फेब्रुवारीच्या मध्याला तिने खिडकीजवळ काढलेला फोटो पाठवला. बाहेर करडं आभाळ. कॅरॅमल तिथे जवळजवळ तपकिरीच दिसत होता, अपेक्षेपेक्षा थोडा जास्त गडद, आणि हे मला मान्य करायला हवं की त्या उजेडासाठी मागच्या बटा अजून थोड्या बारीक आणि संख्येने जास्त असत्या तर चाललं असतं. पण ते इथल्या उन्हात डोळ्यांत खुपलं असतं, तेव्हा निवड लग्नाच्या बाजूने केली होती आणि पुन्हा तशीच करेन. पुढच्या बटा मात्र मध म्हणूनच दिसत होत्या. तिथल्या घरांत हीटिंगने हवा कोरडी असते आणि लोकरी टोपी केस घासते, म्हणून टोपीला आतून रेशमी अस्तर लावून घ्यायला सांगितलं.

जाताना तिला एक कागद दिला होता, तिथल्या कारागिराला दाखवायला. त्यात दोन्ही टोनरचे आकडे, ६ ते ८ आठवड्यांनी पुढच्या बटांना ब्लीच न करता फक्त ८.३चा आम्लधर्मी ग्लॉस (झाक ताजी करणारा हलका रंग), आणि मुळापासून वीतभर खाली मेहंदी व लोह आहे, तिथे ब्लीच लावू नये, ही ओळ मोठ्या अक्षरांत. तिचा विचार आहे की उन्हाळ्यात टोकांची मेहंदी कापून टाकायची. तोवर स्वतःचा केस आणखी चार-पाच बोटं उतरलेला असेल आणि मध खांद्यापर्यंत आणता येईल. काकूंना हे अजून सांगितलेलं नाही.